दगाभाऊच्या पाठीवरची रेघ

मी एक्स-रे काढतो. सुरतेच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मला एकोणीस वर्षं झाली. ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ हे मी मराठी, गुजराती, हिंदी आणि उडिया अशा चार भाषांत म्हणू शकतो, आणि माझी विद्वत्ता तिथेच संपते. तरी माणसाचा कणा मी जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा आरशात स्वतःचं तोंडही पाहिलेलं नाही. मानेत सात मणके, पाठीत बारा, कंबरेत पाच, त्याखाली पाच जुळून झालेलं एक त्रिकोणी हाड आणि शेवटी चार चिमुकल्या तुकड्यांचं माकडहाड. एकूण तेहतीस. एवढं माहीत असून शेजारच्या माणसाच्या मी काय कामाला आलो, ते सांगायला बसलो आहे.

सुरतेतल्या गोडादऱ्यात आमची गल्ली लूमवाल्यांची. कोणी लूम चालवतं, कोणी कापडाचे ताके उचलतं, कोणी बीम वाहतं. म्हणजे सकाळी उठून निम्म्या गल्लीचा हात कंबरेवर. पाठीच्या डॉक्टरकडे मात्र कोणी जात नसे, कारण गल्लीत कलाबाई होती. कलाबाई पायाळू. जन्मताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली चमक निघून जाते, असं आमच्या खानदेशात लोक मानतात, आणि पारोळ्याकडून सुरतेला येताना लोकांनी हे मानणंही सोबत आणलं. रविवारी आणि मंगळवारी सकाळी तिच्या दाराशी बाप्ये उभे असत. एकेकाने आत जाऊन पालथं पडायचं. कलाबाई भिंतीला हात टेकून डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागी पाच वेळा लावायची आणि ‘लागना का?’, म्हणजे टेकला का, असं विचारायची. मग उठायचं, उंबरा ओलांडायचा आणि मागे वळून न पाहता चालू लागायचं. मागे पाहिलं की चमक परत येते. कलाबाई कुणाकडून चहासुद्धा घेत नसे.

मी तिला चिडवायचो. “कलाबाई, तुम्ही आमच्या दवाखान्याची गिऱ्हाइकं तोडता.”

“धम्मा भाऊ,” ती म्हणायची, “तुना फोटोघाई कोनं दुखनं थांबनं का आजवर?”

तिचं खरं होतं. एक्स-रे काढून दुखणं थांबत नाही. आणि खरं सांगायचं तर एकदा गॅसची टाकी उचलताना माझ्याच कंबरेत उसण भरली, तेव्हा मीही मंगळवारी सकाळी तिच्या घरात पालथा पडलो होतो. तिसऱ्या दिवशी बरा झालो. स्नायूचा ताण तिसऱ्या दिवशी उतरतोच, हे मला ठाऊक होतं. तरी उंबरा ओलांडताना मी मागे वळून पाहिलं नाही. दवाखान्यात हे आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही.

तिच्या अंगठ्याची गंमत मला नंतर कळली. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर रोग्यांना समजावण्यासाठी प्लास्टिकचा एक कणा होता. त्याचा कंबरेतला एक मणका कधी तरी हरवला आणि वॉर्डबॉयने त्या जागी दोऱ्याची रिकामी बॉबिन ओवून दिली. डॉक्टरांनी नवा कणा मागवल्यावर जुना मी घरी आणला. माझी बायको विशाखा म्हणाली, “घरात सांगाडा टांगणार का आता?” मी तो खिडकीशी टांगलाच. एक दिवस कलाबाई कसलंसं पातेलं परत द्यायला आली आणि त्याच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, हे जमिनीवर ठेव. ठेवलं. तिने डोळे मिटले आणि मानेपासून पायाचा अंगठा हळूहळू खाली आणला. हे मानेतले बारीक. हा सातवा, वर आलेला. हे बरगड्यांचे. हे कंबरेचे, जाड. मी मनात मोजत होतो. ती कुठे चुकली नाही. कंबरेत आल्यावर अंगठा थांबला.

“हाऊ खोटा शे,” ती डोळे न उघडता म्हणाली. अंगठा बरोबर बॉबिनवर होता.

मी थक्क झालो. विशाखाने तर तिला ओवाळायचंच बाकी ठेवलं. त्या दिवसापासून मी तिला चिडवणं कमी केलं. तेच चुकलं, असं आता वाटतं.

तिचा नवरा दगाभाऊ बीम वाहायचा. बीम म्हणजे ताण्याचा, कापडातला उभा दोरा गुंडाळलेला लोखंडी रूळ. भरलेला बीम दोघांनी खांद्यावर घेऊन लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, जिन्याने वर चढवायचा, दिवसाला वीस-पंचवीस. दगाभाऊने हे अठ्ठावीस वर्षं केलं. उजव्या खांद्यावर त्याला उंटासारखा घट्टा पडला होता. स्वभावाने मिश्किल. बीम घेऊन जिना चढताना पुढच्याला म्हणायचा, “सांभाळीसन रे, नवरदेव शे खांदावर.” गल्लीतल्या सगळ्यांच्या पाठी त्याची बायको बऱ्या करायची आणि हा अभिमानाने दारात बसून नंबर लावायचा.

दिवाळीनंतर त्याची पाठ दुखू लागली. कंबर नव्हे, त्याच्याही वर, बरगड्या संपतात तिथे. रात्री जास्त. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. शर्ट ढगळ होऊ लागला. मी एकदा म्हणालो, “दगाभाऊ, एक फोटो काढून घेऊ.” त्याने हसून कलाबाईकडे बोट दाखवलं. “घरमा औषध शे अन तुना दवाखानामा काबर येऊ?”

पण घरातलं औषध त्याला मिळत नव्हतं. बायकोने नवऱ्याच्या अंगाला पाय लावायचा नसतो. चुकून लागला तरी लगेच हात लावून नमस्कार करायचा. अख्ख्या गल्लीच्या बाप्यांना पाय लावणारी कलाबाई या एका माणसाला पाय लावायला तयार नव्हती. तो रोज मागायचा आणि ती रोज नाही म्हणायची. ती म्हणे, दुसरा पायाळू शोधा. तो म्हणे, माझ्याच घरात असताना मी लोकांच्या दारात पालथा पडू का? लोक हसतील. नवरा-बायकोचं हे लाडाचं भांडण म्हणून आम्ही सगळे त्याची मजा घ्यायचो. मीही घेतली. दुसऱ्यांदा फोटोचं मी बोललोच नाही. खोकला नव्हता, थुंकीत काही नव्हतं. लूमवाल्यांच्या छातीतला क्षय मी रोज पाहतो, पाठीतला माझ्या डोक्यात आला नाही. असे चार महिने गेले. एकाने दुसऱ्याची वाट पाहिली आणि मी दोघांची.

धुळवड झाली आणि एका मंगळवारी कलाबाईचा हट्ट मोडला. रात्रभर तो कण्हत होता, तिला बघवेना. सकाळी आंघोळ करून तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, देवाची माफी मागितली आणि त्याला पालथा पडायला सांगितलं. तिचा अंगठा पाठीवरून खाली आला आणि एका जागी थांबला. तिथे एक मणका टेंगळासारखा वर आलेला होता. बाकीच्या लोकांना ती नुसता पाय लावायची. जोर कधी दिला नाही. इथे तिला वाटलं, हा जागेवरून सरकला आहे, बसवला पाहिजे. तिने टाच टेकवून दाबलं. नुसतं एकदा. हे तिनेच मला नंतर सांगितलं, आणि दर वेळी सांगताना ‘नुसतं एकदा’ हे दोनदा म्हणाली.

दगाभाऊ उठला, उंबरा ओलांडला, मागे न बघता म्हणाला, “बरं वाटस,” आणि कामाला गेला. दोन दिवस त्याने बीम वाहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी टपरीवर चहा पिऊन उठायला गेला आणि पाय उठलेच नाहीत.

मी ड्यूटीवर होतो. दगाभाऊचा मुलगा गोपाल पलसाण्याच्या डाईंगमध्ये कामाला आहे. तो तिथून तसाच रंगाच्या हातांनी आला होता. त्याने आणि रिक्षावाल्याने दगाभाऊला टेबलावर ठेवलं. मी श्वास धरायला सांगितला. स्क्रीनवर चित्र आलं आणि मीच श्वास सोडायचा विसरलो. दोन मणक्यांमध्ये एक फट असते, तिथे चकतीची गादी असते. पाठीच्या दहाव्या आणि अकराव्या मणक्यांमधली फट नाहीशी झाली होती. अकरावा पुढून खचून पाचर झाला होता आणि दोन्ही बाजूंना पुवाची सावली होती. बाहेर बाकावर कलाबाई बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर घट्ट धरला.

डॉक्टर गुजराती, बोलायला मऊ माणूस. त्यांनी नवा प्लास्टिकचा कणा हातात घेतला. “मणको सडी गयो छे,” ते म्हणाले. क्षयाने आतून पोखरला आहे. मग त्यांनी मणक्याच्या मागचं भोक दाखवलं. अशी भोकं एकाखाली एक येतात आणि त्यांची नळी होते. त्या नळीतून मेंदूपासून कंबरेपर्यंत करंगळीएवढी जाड मज्जारज्जू उतरते. पाय हलतो तो तिच्यामुळे, पायाला काटा टोचलेला कळतो तोही तिच्यामुळे. मणका खचला आणि ती चेपली. मग त्यांनी दगाभाऊच्या पाठीवर खालून वर टाचणी टोचत नेली. बेंबीच्या चार बोटं खाली, त्या उंचीला पाठीवर, तो पहिल्यांदा “आं” म्हणाला. डॉक्टरांनी निळ्या पेनाने तिथे आडवी रेघ मारली. रेघेच्या वर माणूस जागा होता, खाली झोपलेला.

ऑपरेशन झालं. पू काढला, सळया आणि स्क्रू बसवले, दीड वर्षाच्या गोळ्या सुरू झाल्या. “पाय येतील का?” गोपालने विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. आधी जाणीव येते, मग हालचाल. ही रेघ खाली सरकू लागली तर आशा आहे. सहा महिन्यांनी बघू. रेघ सरकली तर चालायला शिकवणाऱ्या केंद्रात नंबर लावू. नाही तर मग घरीच.

त्या दिवशी वॉर्डच्या जिन्यावर कलाबाईने मला गाठलं. तिने जे विचारलं ते ती विचारणार हे मला माहीत होतं, आणि उत्तरही मी तयार ठेवलं होतं.

“मना पायघाई व्हयनं का, भाऊ?”

“नाही,” मी म्हणालो. “तुमच्या पायाने काही झालेलं नाही. हाड चार महिन्यांपासून सडत होतं.”

“चार महिना,” ती म्हणाली. “म्हंजे दिवाईले फोटो काढतात, तर?”

याचं खरं उत्तर मलाही दोषी ठरवणारं होतं. दिवाळीला फोटो काढला असता तर तो गोळ्यांवर बरा होऊन आज बीम वाहत असता. तिच्या पायाने नुकसान केलं की नाही, कोणी सांगू शकणार नाही. तिचा पाय मिळण्याची वाट पाहण्याने मात्र नक्की केलं. तिच्या छातीवरचा एक दगड उचलायला गेलो आणि त्याहून मोठा ठेवून आलो. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

दगाभाऊ घरी आला तो पाण्याच्या गादीवर. लघवीची नळी, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा. कलाबाईने सगळं बिनतक्रार केलं, पण जेवणं सोडल्यासारखं केलं. दोन घास आणि पाणी. दाराशी येणाऱ्या लोकांना ती आतूनच सांगायची, “मना पाय आते कामना नही.” लोक तरी उभे राहायचे. एक जण म्हणाला, नुसता अंगठा लाव. तिने दार लावून घेतलं.

मग दर रविवारी ती रेघ पाहू लागली. दगाभाऊला पालथा करायची, सेफ्टीपिन घ्यायची आणि रेघेच्या खाली टोचायची. “आते?” तो गप्प. थोडं वर. “आते?” पहिले तीन रविवार तो रेघेच्या खाली कुठेच हुंकारला नाही. चौथ्या रविवारी हुंकारला. रेघेच्या दोन बोटं खाली. कलाबाई आमच्या घरी धावत आली, हातात पेन, आणि मला घेऊन गेली. तिने माझ्यासमोर नवी रेघ मारली. घाईत ती वाकडी आली.

त्यानंतर रेघ उतरू लागली. कंबर. बैठक. मांडीचा वरचा भाग. जुन्या रेघा ती पुसू द्यायची नाही. आंघोळीने फिकट झाल्या की वरून गिरवायची. दगाभाऊच्या मागच्या अंगावर शाळेच्या वहीसारख्या निळ्या ओळी झाल्या. गल्ली रविवारची वाट पाहू लागली. कलाबाई पोटभर जेवू लागली. एकदा तर तिने मांडे केले आणि आम्हाला पाठवले.

मी तिथे असायचो. आमचे डॉक्टर जाणीव कशी तपासतात, ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ते मधूनच टाचणी न टोचता विचारतात, आता? रोगी हो म्हणाला की ते समजतात. कलाबाई तसं करत नव्हती. ती टोचायची आणि विचारायची. आणि माझ्या लक्षात आलं, की दगाभाऊ टोचल्यावर हुंकारत नाही, विचारल्यावर हुंकारतो. ती ‘आते’ म्हणायला जरा थांबली की तोही थांबायचा. एकदा मी त्याच्याकडे पाहिलं. उशीवर गाल टेकून तो माझ्याकडेच बघत होता. डोळ्यांत ती जुनी मिश्किली नव्हती, विनवणी होती. मी घरी आलो आणि कोणाला काही बोललो नाही. ती जेवत होती ना? मग. यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं आणि आताही नाही.

सहा महिने भरले. बुधवारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. मंगळवारी सकाळी गाडीचं बोलायला मी त्यांच्याकडे गेलो. शेवटची रेघ गुडघ्यामागच्या खळीत होती. कलाबाईने त्याच्यासाठी नवीन चपला आणून भिंतीशी ठेवल्या होत्या.

दगाभाऊ पालथा होता. मला पाहून म्हणाला, “धम्मा भाऊ, हिले सांग. आज मंगयवार शे. जाऊना पहिले एकदाव पाय लावाले सांग.”

“नही,” कलाबाई म्हणाली.

“गोपालनी माय, तुना पायघाईच मी उठसू. डॉक्टरघाई नही. नुसता टेक. दाबू नको.”

तो हे का मागत होता, ते मला वाटतं मी समजलो. उद्या दवाखान्यात टाचणी त्याला उघडं पाडणार होती. त्याआधी त्याला तिचा पाय निर्दोष करायचा होता. पाय लावला आणि बरं वाटलं, एवढं एकदा तिच्या कानावर घालायचं होतं. एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

मग तिने त्याच्या तळपायांना हात लावून तो कपाळाला लावला, भिंतीचा आधार घेतला आणि डावा पाय उचलला. पाय त्याच्या कंबरेच्या एक वीत वर आला आणि तिथेच अडला. तिला तो टेकवता येईना. एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला. मग तिने पाय मागे घेतला आणि जमिनीवर ठेवला. ती माफी मागणार होती. पण वीस वर्षांची सवय. तिच्या तोंडून सगळ्यांना विचारते तेच निघालं.

“लागना का?”

“हां,” दगाभाऊ म्हणाला. “लागना. गरम लागना. आते बरं वाटस.”

कलाबाईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तो फरशीवर होता. मग तिने त्या निळ्या रेघांकडे पाहिलं, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत, एकेक करून. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, आणि मला माहीत होतं हेही तिला कळलं. तेहतीस हाडांची नावं येणारा माणूस तिथे भिंतीसारखा उभा होता.

मला वाटलं ती आता ओरडेल, किंवा त्याला जाब विचारेल. तिने तसं काही केलं नाही. पुन्हा भिंत धरली, पुन्हा पाय उचलला आणि या वेळी टेकवला. पहिल्या रेघेच्या खाली, कंबरेच्या मधोमध. बिलकूल वजन न देता, झोपलेल्या मुलाला हात लावावा तसा. काही विचारलं नाही. पाच वेळा उचलला, पाच वेळा ठेवला, आणि पाचव्यांदा तसाच राहू दिला. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या पाठीवर पडलं, रेघेच्या खालीच.

दगाभाऊ वाट पाहत होता. थोड्या वेळाने त्याने उशीतूनच विचारलं, “काय व्हयनं? लाव ना आखो एकदाव. थांबनी काबर?”

तिचा पाय त्याच्या कंबरेवरच होता.

“झायं,” कलाबाई म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला. “पाचीदाव लायी दिना. आते मांगे देखू नको.”

नियम त्याला ठाऊक होता. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि ती पाय उचलून बाहेर जाईपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.